छोट्या मायक्रोफायनान्स संस्थेने पैसा कसा उभा करावा: भांडवल, कर्ज, अटी आणि रोखीचा हिशेब

वीस ते पन्नास कोटींची कर्जं बाहेर असलेली मायक्रोफायनान्स संस्था, म्हणजे गरीब कुटुंबांना विनातारण छोटी कर्जं देणारी संस्था, अडचणीत येते तेव्हा तिच्याकडे कर्ज मागणाऱ्या बायका कमी झालेल्या नसतात. अडतो तो वरून येणारा पैसा. तोही अचानक अडत नाही. स्वतःचं भांडवल तोकडं असतं, कर्ज देणाऱ्या संस्था दोन-तीनच असतात, आणि करारातल्या अटी सही करताना कुणी नीट वाचलेल्या नसतात. एखाद्या तिमाहीत वसुली पाच-दहा टक्क्यांनी घसरली की या तिन्ही गोष्टी एकदम अंगावर येतात. म्हणून निधी उभारणीकडे मार्च महिन्यातली धावपळ म्हणून न पाहता वर्षभराचं काम म्हणून पाहावं लागतं. ते काम कोणत्या क्रमाने करायचं आणि कुठे चुकतं, हे खाली सांगितलं आहे. मुख्यतः एनबीएफसी-एमएफआय, म्हणजे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या बिगर-बँक मायक्रोफायनान्स कंपन्या, डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालच्या ना-नफा कंपन्यांना लागू होणारा फरक त्या त्या ठिकाणी दिला आहे.

आधी स्वतःचं भांडवल

बँकेकडे जाण्याआधी ताळेबंद उघडा आणि निव्वळ स्वनिधी (मालकांनी घातलेलं भांडवल आणि साठलेला नफा) किती आहे ते पाहा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एनबीएफसी-एमएफआयचा स्वनिधी ३१ मार्च २०२५ पर्यंत ७ कोटी रुपयांवर पोहोचायला हवा होता आणि ३१ मार्च २०२७ पर्यंत तो १० कोटी व्हायला हवा. ईशान्येकडील राज्यांसाठी पहिला टप्पा ५ कोटींचा होता. कर्ज देणारी प्रत्येक संस्था आता पहिला प्रश्न हाच विचारते, कारण २४ महिन्यांचं कर्ज देताना २०२७ ची ही अट पूर्ण करण्याची तुमची तयारी आहे का, हे तिला पाहायचं असतं. त्यामुळे १० कोटींपर्यंत कसे जाणार याची संचालक मंडळाने मंजूर केलेली, तिमाहीनिहाय योजना फाईलमध्ये असलीच पाहिजे. "प्रयत्न सुरू आहेत" एवढ्यावर कुणी मंजुरी देत नाही.

दुसरा आकडा भांडवल पर्याप्ततेचा, म्हणजे जोखीम धरून मोजलेल्या कर्जांच्या तुलनेत भांडवल किती याचा. किमान मर्यादा १५ टक्के आहे. विनातारण छोट्या कर्जांवर जोखीमभार साधारण १०० टक्के धरला जात असल्याने हिशेब सोपा आहे: ३० कोटींची कर्जं स्वतःच्या पुस्तकात असतील तर किमान साडेचार कोटींचं भांडवल. पण १५ टक्क्यांच्या काठावर राहणं धोक्याचं आहे. याच ३० कोटींपैकी ५ टक्के बुडाले तर दीड कोटी गेले, म्हणजे त्या साडेचार कोटींचा एक तृतीयांश. छोट्या संस्थेने हे प्रमाण २२ ते २५ टक्क्यांच्या आसपास ठेवावं असं आमचं मत आहे. वाढ थोडी मंदावते, पण वाईट वर्ष निभावून जातं.

भांडवल वाढवायचे मार्ग मोजकेच आहेत. प्रवर्तकांनी स्वतः भर घालणं हा पहिला आणि कर्जदात्यांना सर्वांत आवडणारा. बाहेरचा गुंतवणूकदार आणायचा असेल तर दोन मर्यादा लक्षात ठेवा: भाग भांडवलात २६ टक्के किंवा त्याहून जास्त बदल होणार असेल, अथवा स्वतंत्र संचालक वगळता ३० टक्क्यांहून अधिक संचालक बदलणार असतील, तर रिझर्व्ह बँकेची लेखी पूर्वपरवानगी लागते. परवानगीला लागणारे महिने धरूनच कराराची तारीख ठरवा. पैसे आधी खात्यात घेऊन परवानगी नंतर मागणाऱ्या संस्थेला पुढची अनेक वर्षं प्रत्येक तपासणीत त्याचं उत्तर देत बसावं लागतं.

गौण कर्ज, म्हणजे सब-ऑर्डिनेटेड डेट, हा दुय्यम भांडवलाचा मार्ग. इथे एक गोष्ट वारंवार निसटते. अशा कर्जाची मूळ मुदत किमान ५ वर्षं हवी आणि उरलेली मुदत ५ वर्षांखाली आली की दरवर्षी २० टक्के रक्कम भांडवलाच्या गणतीतून वजा होत जाते. शेवटच्या वर्षी तिचं मूल्य शून्य धरलं जातं. शिवाय प्राथमिक भांडवलाच्या ५० टक्क्यांपर्यंतच ते धरता येतं. म्हणजे साडेपाच वर्षांचं गौण कर्ज घेतलं तर सहा महिन्यांतच त्याची झीज सुरू होते. सात वर्षांचं मिळत असेल तर अर्धा-एक टक्का व्याज जास्त देऊनही तेच घ्यावं.

कलम ८ खालची कंपनी लाभांश वाटू शकत नाही, म्हणून तिच्याकडे भागभांडवल गुंतवणारा सहसा येत नाही. तिची वाढ देणगी, शिल्लक आणि कर्ज यांवरच होते. अशा कंपनीची मालमत्ता १०० कोटी रुपयांच्या आत असेल तर रिझर्व्ह बँकेकडे नोंदणीची गरज नाही. त्यापुढे गेली की आहे. परदेशी देणगी घ्यायची असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी आधी हवी.

एक कडू गोष्ट: २०२७ पर्यंत १० कोटींचा पल्ला आवाक्यात नसेल तर विलीनीकरणाचं किंवा बँकेची व्यवसाय प्रतिनिधी म्हणून (बँकेच्या वतीने तिची कर्जं वाटण्याचं आणि वसूल करण्याचं) काम करण्याचं बोलणं आताच सुरू करा. पुस्तक स्वच्छ असताना समोरचा योग्य किंमत देतो. मुदतीच्या तोंडावर गेलेल्या संस्थेला अटी घालायला जागा राहत नाही.

कोणाकडे, कोणत्या क्रमाने

बँका मायक्रोफायनान्स संस्थांना कर्ज देतात त्यामागे एक मोठं कारण आहे. पुढे वाटपासाठी दिलेलं हे कर्ज अटी पूर्ण झाल्यास प्राधान्य क्षेत्रात, म्हणजे बँकांनी ज्यांना कर्जाचा ठराविक वाटा द्यायलाच हवा अशा क्षेत्रांत, धरलं जातं. त्यासाठी नोंदणीकृत एनबीएफसी-एमएफआय असावं लागतं. संस्था किंवा न्यास असेल तर मान्यताप्राप्त स्वयंनियामक संघटनेचं सभासदत्व लागतं. मायक्रोफायनान्समध्ये अशा दोन संघटना आहेत, एमफिन आणि सा-धन. सभासदत्व नसेल तर आधी ते घ्या. वार्षिक शुल्क वाचवायला म्हणून ते टाळणं महागात पडतं.

सरकारी बँकेच्या दारात पहिल्याच वर्षी जाऊन बसण्यात अर्थ नसतो. त्यांच्या अंतर्गत धोरणात बहुतेकदा पतमानांकनाची किमान पायरी असते, आणि बीबीबी उणे (गुंतवणूकयोग्य मानांकनाची सर्वांत खालची पायरी) याच्याही खालच्या संस्थेची फाईल शाखेतून वरच जात नाही. छोट्या संस्थेचा पहिला पैसा सहसा घाऊक कर्ज देणाऱ्या एनबीएफसींकडून येतो. नाबार्डच्या नॅबकिसान आणि नॅबसमृद्धी या उपकंपन्या, ओइकोक्रेडिट या परदेशी सहकारी संस्थेची हैदराबादस्थित मानवीय, चेन्नईची नॉर्दर्न आर्क, अहमदाबादची मास फायनान्शियल अशी ही मंडळी. व्याज जास्त, पण कागद पूर्ण असतील तर चार ते सहा आठवड्यांत निर्णय होतो. त्यांच्याकडे दीड-दोन वर्षं वेळेवर परतफेड झाली की खासगी बँका आणि स्मॉल फायनान्स बँका बोलायला तयार होतात, मग सिडबी (भारतीय लघुउद्योग विकास बँक) आणि सरकारी बँका. बँकेच्या फाईलला तीन-चार महिने धराच. परदेशी व्यावसायिक कर्जाचा मार्ग मोठ्या संस्थांसाठी आहे. चलनाच्या जोखमीचं संरक्षण घेण्याचा खर्च आणि कायदेशीर कागदपत्रं धरली तर छोट्या रकमेला ते परवडत नाही.

पतमानांकन आणि एमएफआय ग्रेडिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मानांकन कर्ज फेडण्याची क्षमता सांगतं, ग्रेडिंग संस्थेच्या कारभाराची पत सांगतं. बँकेने "रेटिंग आणा" म्हटल्यावर ग्रेडिंगचा अहवाल जोडणाऱ्या संस्था आहेत. फाईल परत येते आणि महिना वाया जातो.

बाहेरच्या वातावरणाचाही दाब असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या एनबीएफसींना दिलेल्या कर्जांवरचा जोखीमभार २५ टक्के अंकांनी वाढवला, तेव्हा बँकांना त्याच कर्जासाठी जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागलं आणि हात आखडला गेला. ती वाढ १ एप्रिल २०२५ पासून मागे घेतली गेली. पण तोवर २०२४-२५ मध्ये थकबाकी वाढली होती, म्हणून नियम सैल झाले तरी कर्जदाते सावधच राहिले. अशा काळात एकाच कर्जदात्यावर विसंबलेली संस्था कोरडी पडते. उद्दिष्ट असं ठेवा: एकूण कर्जात कोणत्याही एका संस्थेचा वाटा २५ टक्क्यांवर नको. २४ कोटींच्या कर्जासाठी सहा ते आठ कर्जदाते असावेत, आणि त्यांत एनबीएफसी व बँका दोन्ही हव्यात, कारण दोघांवर एकाच वेळी सारखाच ताण येत नाही.

फाईल वर्षभर तयार ठेवा

तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, चालू वर्षाचे तात्पुरते आकडे, भागधारकांची यादी, संचालकांची मालमत्ता विवरणं, सर्व कर्जांची परतफेड वेळापत्रकासह यादी, मंडळाने मंजूर केलेली धोरणं, मालमत्ता-दायित्व मुदतींचं विवरण हे सगळेच मागतात आणि बहुतेकांकडे असतंही. निर्णय होतो तो कर्जनिहाय माहितीवर. प्रत्येक कर्जासाठी वाटपाची तारीख, रक्कम, शिल्लक, थकीत दिवस, कितवं कर्ज, पिनकोड, कारण आणि कुटुंबाचं मोजलेलं उत्पन्न एवढं एका ओळीत निघालं पाहिजे. त्याबरोबर महिनावार वाटपाच्या तुकड्या करून प्रत्येक तुकडीत ३, ६, १२ महिन्यांनी किती थकलं, हा तक्ता द्या. नुसता एकूण थकबाकीचा टक्का फसवा असतो: वाटप जोरात असलं की भाजक वाढतो आणि जुनी घाण झाकली जाते. जाणकार विश्लेषक हाच तक्ता आधी उघडतो.

तपासणीला आलेले लोक कुठे बोट ठेवतात ते पाहा. थकलेल्या कर्जावर नवं कर्ज देऊन जुनं बंद केलेलं आहे का? एकच मोबाईल नंबर वीस ग्राहकांच्या नावापुढे आहे का? वसुलीची रोकड त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बँकेत भरली गेली का, की सोमवारची रक्कम गुरुवारी जमा झाली? गटप्रमुख बाईच सगळ्यांची कर्जं वापरते आहे का? कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या आत, हे खरोखर मोजलेलं आहे की सगळ्या अर्जांवर एकच आकडा छापलेला आहे? शाखेत अचानक जाऊन दहा अर्ज आणि दहा घरं पाहिली की हे सगळं दिसतं. त्यामुळे कर्जदात्याच्या आधी अंतर्गत लेखापरीक्षकाने ते पाहिलेलं असावं आणि त्याचा अहवाल, दोषांसकट, फाईलला जोडावा. स्वतः दाखवलेला दोष क्वचितच नडतो; लपवलेला सापडला की फाईल बंद होते.

कर्जदारांच्या परतफेडीची नोंद ठेवणाऱ्या पतमाहिती कंपन्यांना, म्हणजे क्रेडिट ब्युरोंना, १ जानेवारी २०२५ पासून दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवणं बंधनकारक झालं. ती नाकारली गेलेली प्रकरणं, ज्यांना रिजेक्ट म्हणतात, प्रत्येक वेळी दुरुस्त करा. एमफिनच्या मार्गदर्शक चौकटीत एका ग्राहकाला जास्तीत जास्त तीन कर्जदाते आणि एकूण दोन लाखांची मर्यादा आहे. तुमच्या पुस्तकात याबाहेरची किती कर्जं आहेत हे कर्जदाता ब्युरोकडून स्वतः काढून घेतो.

व्याजदर १४ टक्के, खर्च किती?

टर्म शीटवरचा, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींच्या कागदावरचा, दर म्हणजे खर्च नव्हे. उदाहरण घ्या. ५ कोटींचं कर्ज, १४ टक्के, २४ समान मासिक मुद्दल हप्ते. प्रक्रिया शुल्क १ टक्का आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५.९ लाख. तारण म्हणून १० टक्के, म्हणजे ५० लाखांची मुदत ठेव, तिच्यावर साडेसहा टक्के व्याज.

दोन वर्षांत सरासरी शिल्लक कर्ज साधारण २.६० कोटी राहतं. त्यावरचं एकूण व्याज ७२.९ लाख. शुल्क धरून ७८.८ लाख, त्यातून ठेवीवर मिळालेले ६.५ लाख वजा केले की निव्वळ खर्च ७२.३ लाख. पण ५० लाख तर ठेवीत अडकलेले, म्हणजे प्रत्यक्ष वापरायला सरासरी २.१० कोटीच मिळाले. वार्षिक खर्च काढला तर सुमारे १७.२ टक्के येतो. मुद्रांक शुल्क आणि वकिलाची फी अजून यात नाही.

आता एकच बदल करा: कर्ज फिटत जाईल तशी ठेवही त्याच प्रमाणात सुटत जाईल, अशी अट घालून घ्या. खर्च सुमारे १६.१ टक्क्यांवर येतो. व्याजदरात पाव टक्का कमी करून घेण्यासाठी लोक तीन बैठका घेतात आणि या अटीबद्दल विचारतही नाहीत. वाटाघाटीत पहिला जोर ठेव कमी करण्यावर किंवा टप्प्याटप्प्याने सोडवण्यावर लावा, नंतर शुल्कावर, आणि शेवटी दरावर.

हा खर्च पुढे ग्राहकावर टाकायला आता पूर्वीइतकी मोकळीक नाही. मार्च २०२२ च्या चौकटीने व्याजदरावरची मर्यादा काढली, पण निधीचा खर्च, जोखमीचा भाग आणि नफा वेगवेगळा दाखवणारं धोरण मंडळाने मंजूर करणं बंधनकारक केलं. अवाजवी दरांच्या कारणावरून ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने चार एनबीएफसींचं नवं कर्जवाटप थांबवलं होतं, त्यांपैकी दोन मायक्रोफायनान्समधल्या होत्या. निधी १७ टक्क्यांना, कारभाराचा खर्च ७ टक्के, बुडीत २ टक्के, म्हणजे नफ्याआधीच २६. एवढ्या महाग निधीवर वाढ करण्यापेक्षा वाटप रोखून धरणं शहाणपणाचं आहे.

अटी: सही करण्याआधी इथे वेळ घालवा

कर्जकराराचा सर्वांत धोकादायक भाग म्हणजे वित्तीय अटी, ज्यांना सगळे कोव्हेनंट म्हणतात. ३० दिवसांवरची थकबाकी अमुक टक्क्यांच्या आत, निव्वळ एनपीए (अनुत्पादक, म्हणजे ९० दिवसांवर थकलेली कर्जं) इतके, कर्ज-भांडवल प्रमाण इतकं, दर तिमाहीत नफा हवा, अशा त्या असतात. यातली एक मोडली तरी कर्जदाता दंडात्मक शुल्क लावू शकतो किंवा पूर्ण कर्ज परत मागू शकतो. त्यातच 'क्रॉस डिफॉल्ट' नावाचं कलम असतं: एका कर्जदात्याच्या करारात कसूर झाली की दुसऱ्यालाही कर्ज परत मागण्याचा हक्क मिळतो. आठ कर्जदात्यांपैकी सर्वांत कडक अट ज्याची, तीच प्रत्यक्षात सगळ्यांची अट होऊन बसते.

टक्केवारीचा सापळा समजून घ्या. ३० कोटींच्या पुस्तकात दीड कोटी थकीत असेल तर ५ टक्के. बँकांनी हात आखडला, वाटप थांबलं, पुस्तक २४ कोटींवर आलं. थकीत रक्कम तीच दीड कोटी, पण टक्केवारी ६.२५. काहीही नवं न बिघडता अट मोडली. अगदी याच वेळी पैशाची सर्वांत जास्त गरज असते.

म्हणून सही करण्याआधी पुढच्या गोष्टी लिहून घ्या. थकबाकी कशावर मोजायची, स्वतःच्या पुस्तकावर की व्यवस्थापनाखालच्या (विकलेली पण वसुली तुमच्याकडेच असलेली धरून) एकूण कर्जांवर, आणि निर्लेखित, म्हणजे बुडीत म्हणून पुस्तकातून काढून टाकलेली, रक्कम त्यात धरायची का, हे आकड्यात स्पष्ट हवं. अट मोडल्यास सुधारणेसाठी किमान ६० दिवस मागा. कर्ज लगेच परत मागण्याऐवजी पहिल्या टप्प्यावर फक्त दंडात्मक शुल्क लागेल, असा पर्याय घाला. क्रॉस डिफॉल्ट फक्त प्रत्यक्ष हप्ता चुकल्यावर लागू व्हावा, अटभंगावर नको. तिमाही नफ्याऐवजी वार्षिक नफ्याची अट मागा. यातलं सगळं मिळणार नाही. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक कर्जदाते देतात.

मग एका तक्त्यात उभ्या ओळीत सगळे कर्जदाते, आडव्या ओळीत प्रत्येक अट, आणि शेजारी आजचा प्रत्यक्ष आकडा मांडा. महिनाअखेरीला तो भरून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या टेबलावर गेला पाहिजे. अट ५ टक्क्यांची असेल तर ४ टक्क्यांवरच लाल रंग लावा.

तारणाचं कामही इथेच येतं. कर्जदाता सहसा कर्जाच्या १०० ते ११० टक्के येणं, म्हणजे तुमच्या ग्राहकांकडून यायची रक्कम, तारण घेतो, तेही कर्जनिहाय यादीसह. ५ कोटींसाठी ११० टक्के म्हणजे साडेपाच कोटींची नियमित कर्जं त्याच्या नावे चिन्हांकित. त्यातलं एखादं ९० दिवसांवर थकलं की ते काढून दुसरं घालायचं. हे एक्सेलमध्ये हाताने करणाऱ्या संस्थेकडून आज ना उद्या एकच कर्ज दोन ठिकाणी तारण दिलं जातं. हेतू वाईट नसला तरी उघडकीला आल्यावर त्याला फसवणूक म्हटलं जातं. संगणक प्रणालीत प्रत्येक कर्जाला एकच कर्जदाता कोड लागेल, दुसरा लागणारच नाही, अशी सोय करून घ्या. तारणाचा करार झाल्यापासून ३० दिवसांत कंपनी निबंधकाकडे सीएचजी-१ हा बोजा नोंदवण्याचा अर्ज भरायचा असतो.

कर्जं विकून पैसा

आधी वाटलेली कर्जं बँकेला विकून पैसा मोकळा करता येतो. थेट हस्तांतरण आणि रोखेकरण (कर्जांचा गठ्ठा करून त्याच्या आधारावर रोखे विकणं) असे दोन प्रकार. प्राधान्य क्षेत्राचं लक्ष्य पूर्ण करायला बँका जानेवारी ते मार्चमध्ये अशी कर्जं शोधत असतात, तेव्हा भावही बरा मिळतो. अडचण तयारीची असते. दोन वर्षांपर्यंतच्या मुदतीची कर्जं किमान तीन महिने स्वतःकडे ठेवावी लागतात, त्याहून लांब मुदतीची सहा महिने. विनातारण कर्जात हस्तांतरणासाठी हा काळ पहिल्या हप्त्याच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे मार्चच्या मध्यावर विकायचं मासिक हप्त्याचं कर्ज नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत वाटलेलं हवं. डिसेंबर-जानेवारीत जोरात वाटप करून मार्चमध्ये विकू म्हणणाऱ्यांचा हिशेब इथेच चुकतो.

रोखेकरणात २४ महिन्यांपर्यंतच्या कर्जांचा किमान ५ टक्के आणि त्यापुढच्यांचा १० टक्के वाटा स्वतःकडे ठेवावा लागतो, आणि वर तारण ठेव लागते. एकट्याने व्यवहार करण्याएवढं पुस्तक नसेल तर अनेक छोट्या संस्थांची कर्जं एकत्र करून केलेल्या व्यवहारात सामील होता येतं. घाऊक कर्जदाते ते जुळवून देतात. विकलेल्या कर्जांची वसुली तुम्हीच करत राहता, त्यामुळे ती रक्कम वेगळ्या खात्यात आणि ठरल्या तारखेलाच गेली पाहिजे. तो पैसा दोन दिवस वापरून घेण्याचा मोह होतो. तो टाळा.

रोखीचं गणित

समजा ३० कोटींची कर्जं बाहेर आहेत, २४ महिन्यांची, २४ टक्के दराने, वाटप दर महिन्याला सारखं. दर महिन्याला येणं सुमारे २.८३ कोटी: मुद्दल २.२३, व्याज ०.६०. वर २४ कोटींचं कर्ज आहे, त्याचं मुद्दल महिन्याला १.९२ कोटी, व्याज २८ लाख, शाखांचा खर्च साडेसतरा लाख. जाणं एकूण २.३७५ कोटी.

वसुली ९८ टक्के असताना हातात जवळपास ४० लाख उरतात. ८८ टक्क्यांवर ११-१२ लाख. ८० टक्क्यांवर तितकीच तूट. आणि हे सगळं नवं वाटप शून्य धरून. प्रत्यक्षात वाटप शून्य झालं की वसुली आणखी पडते, कारण वेळेवर फेडणाऱ्या बाईला पुढचं कर्ज मिळणार नाही असं दिसलं की तिचाही हप्ता मागे पडतो. गावात ही बातमी एका सेंटर मीटिंगमधून (हप्ते गोळा करायच्या गटांच्या बैठकीतून) दुसरीत जायला आठवडा लागत नाही. नोटबंदीनंतर विदर्भात वसुली थांबली तेव्हा हे मोठ्या प्रमाणावर दिसलं होतं.

म्हणून दोन महिन्यांची परतफेड आणि खर्च भागेल एवढी रोख, न वापरलेली मंजूर मर्यादा धरून, कायम हाती ठेवा. वरच्या उदाहरणात ती पावणेपाच कोटी होते. त्यावर व्याजाचं नुकसान होतं हे खरं, पण तो विम्याचा हप्ता समजून अर्थसंकल्पात आधीच धरा. कर्ज घेताना स्वतःच्या वाटपापेक्षा लांब मुदत घ्या: २४ महिन्यांची कर्जं वाटत असाल तर ३० ते ३६ महिन्यांचं कर्ज शोधा. १२ महिन्यांचा स्वस्त पैसा घेऊन २४ महिन्यांची कर्जं वाटणं टाळा.

वसुली घसरली तर

पहिल्याच आठवड्यात पुढच्या तेरा आठवड्यांचा रोख तक्ता काढा. शाखानिहाय पाहा, घसरण सगळीकडे सारखी कधीच नसते. ज्या शाखा ठीक आहेत तिथलं चांगल्या ग्राहकांचं पुढचं कर्ज थांबवू नका, कमी करा पण चालू ठेवा. नवीन गावं, नवीन शाखा मात्र तिथेच थांबवा.

अट मोडणार असं दिसताच, मोडण्याआधी, सर्व कर्जदात्यांना एकाच दिवशी एकच पत्र पाठवा: काय झालं, कुठल्या तालुक्यांत, किती रक्कम, काय करत आहोत, किती महिन्यांत सुधारेल. तिमाही संपण्याआधी लेखी सूट मागा; फोनवरच्या आश्वासनाला लेखापरीक्षक मानत नाही. एकाला गुपचूप आधी पैसे देऊन बाकीच्यांना थांबवणं हे इतरांना कळतंच, आणि मग सामोपचार संपतो.

रोखीचा ताण वसुली कर्मचाऱ्यांवर ढकलू नका. सकाळी ९ आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. दमदाटीच्या तक्रारींतून २०१० मध्ये आंध्र प्रदेशात अध्यादेश आला आणि तिथली वसुली जवळपास बंद पडली. २०२५ मध्ये कर्नाटक आणि तामिळनाडूनेही जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध कायदे केले. एका शाखेतल्या अरेरावीची किंमत पूर्ण जिल्ह्यातल्या सगळ्या संस्था मोजतात.

अडचणीच्या दिवसांत दोन मार्ग खुणावतात. पहिला, सभासदांकडून बचत किंवा ठेव घेणं. एनबीएफसी-एमएफआयला तो अधिकार नाही, आणि महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, त्याखाली मालमत्ता जप्तीपर्यंत गोष्ट जाऊ शकते. दुसरा, आगाऊ फी मागून पन्नास कोटी मिळवून देतो म्हणणारा दलाल. खरा सल्लागार आपली मुख्य फी पैसा खात्यात आल्यावर घेतो.

कर्ज फिटल्यावर

शेवटचा हप्ता गेला की त्याच आठवड्यात ना-देय प्रमाणपत्र मागा आणि ३० दिवसांत सीएचजी-४ भरून कंपनी निबंधकाकडचा बोजा उतरवा. मुदत ठेव सोडवून घ्या, प्रणालीतून त्या कर्जदात्याचा कोड काढा, प्रवर्तकांची वैयक्तिक हमी असेल तर ती रद्द झाल्याचं पत्र घ्या. फिटलेल्या कर्जाचा बोजा निबंधकाच्या नोंदीत तसाच राहिला तर पुढच्या बँकेचा वकील तो शोधून काढतो आणि तो उतरेपर्यंत नवं कर्ज खात्यात येत नाही.